ती उष्णता जाते कुठे?

पुन्हा तेच! विज्ञानकथेतलं यान ‘फ्युजन इंजिन’ (अणुकेंद्रकांच्या संमीलनावर चालणारं) पेटवतं आणि दोन दिवसांत मंगळावर. बरं, हिशेब तसा चुकत नाही. मंगळ जवळात जवळ, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरवर असताना अर्धी वाट १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं) त्वरण आणि उरलेली अर्धी तोंड फिरवून तितकंच मंदन केलं, तर ४२ तासांच्या आसपास पोहोचता येतं. (तोंड फिरवायचं निम्म्या लेखकांना आठवतच नाही, ते सोडा.)

पण शक्ती? हजार टनांचं यान आणि सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने इंजिनातून बाहेर पडणारा झोत धरला तर सुमारे ५ टेरावॅट लागतात. त्यातली फक्त एक टक्का उष्णता यानात मुरली तरी ५० गिगावॅट! अंतराळ थंड असतं म्हणे. अहो, थर्मासमध्येही निर्वातच असतो! निर्वातात उष्णता फक्त प्रारणानेच (किरणांच्या रूपात) बाहेर पडते, म्हणजे यानाला ती बाहेर टाकणारे अवाढव्य रेडिएटर हवेत. चित्रात मात्र यान कसं सडपातळ, टोकदार, चकचकीत.

आणि आयन इंजिनाच्या (विद्युतभारित कण मागे फेकून यान ढकलणाऱ्या) नावाखाली पाठ सीटला चिकटवणारा धक्का? नासाच्या ‘डॉन’ यानाच्या आयन इंजिनाचा रेटा जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटनच्या घरात होता. तळहातावर दोन कागद ठेवा, तेवढाच. तरीही ते लघुग्रह वेस्टा आणि बटुग्रह सेरेस दोन्हीकडे नुसतं जाऊन आलं नाही, तिथे कक्षेत राहिलं! वर्षानुवर्षं चिकाटीने ढकलत. यात कथा नाही? मला तर इथेच दिसते.