मनीचं वजन आणि मास्तरांचा उपास

"दोन दिवस उपाशी ठेव. भूक लागली की पुढ्यात येईल ते मुकाट खाईल."

मास्तर एवढं बोलले आणि मी जवळजवळ ओरडलोच. कट्ट्यावर माझा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे सगळे एकदम गप्प झाले.

विषय मनीचा होता. ताईने तीन आठवड्यांपूर्वी दत्तक घेतलेली मांजर. वय सहा, नसबंदी झालेली. आधीच्या घरातल्या आजी गेल्या आणि मनीचं करणारं कोणी उरलं नाही, म्हणून ती निवारा केंद्रात आली. वजन 7.2 किलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हिच्या हाडापेराला पाच किलो पुरेत.

"सव्वादोन किलोंचं काय एवढं?" वकील म्हणाला. "मांजर गुबगुबीतच गोड दिसते. म्हातारीच्या घरून आलीय, लाडात वाढलीय, राहू दे की."

"65 किलोचा माणूस 94 किलोंचा झाला तर त्याला गुबगुबीत म्हणशील? प्रमाण तेच आहे."

त्याने मनात आकडेमोड केली, पण वकील तो, लगेच मागे हटणार थोडाच. म्हणाला, मांजरांच्या पोटाखाली कातडीची सैल पिशवी असतेच, तुम्ही तिलाच चरबी समजत असाल. त्याचं अर्धं खरं होतं. मागच्या पायांपुढे लोंबणारी ती पिशवी सडपातळ मांजरालाही असते. म्हणून तिच्यावरून ठरवायचं नाही, बरगड्यांवरून ठरवायचं. मी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. पंजा पालथा करा आणि पाठीवरच्या हाडांवरून बोट फिरवा. मांजराच्या बरगड्या हाताला अशा लागायला हव्यात. मूठ वळल्यावर गाठी जशा टोचतात तशा लागल्या तर मांजर रोड. आणि तळहाताच्या गादीसारखं लागलं, हाड शोधावं लागलं, तर वजन जास्त.

"मनीचं तळहातासारखंही नाही," ताई हळूच म्हणाली. "मला बरगडी सापडलीच नाही."

मग कोणी गुबगुबीतचा मुद्दा काढला नाही. पण मास्तर अजून उपासावरच होते. त्यांच्याकडे पूर्वी कुत्रा होता. तो रुसून दोन दिवस खायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी भांडं चाटूनपुसून साफ. "जनावर स्वतःला उपाशी मारत नाही," ते म्हणाले. हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. त्यावर मी विश्वासही ठेवला होता.

मी त्यांना माझ्या बोक्याचं सांगितलं. आठ किलोंचा होता. वजन उतरवायचं मनावर घेतलं आणि एका रात्रीत त्याचं जुनं खाद्य बंद करून कमी कॅलरीचं नवं खाद्य ठेवलं. त्याने हुंगलं आणि निघून गेला. मी म्हटलं, भूक लागली की खाईल. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी तो उलट्या करून कोपऱ्यात पडला होता आणि त्याच्या कानांची आतली कातडी पिवळी झाली होती. डॉक्टरांनी नळीने अन्न द्यायला सुरुवात केली. अकराव्या दिवशी तो गेला.

"कशाने?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

यकृताने. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते. जाड मांजराकडे चरबीचा साठा मोठा, त्यामुळे लोंढाही मोठा. मांजराच्या यकृताला तो तेवढ्या वेगाने निपटता येत नाही. मग चरबी यकृताच्या पेशींतच साचते आणि यकृताचं काम मंदावतं. त्याने मळमळ सुरू होते, मळमळीने खाणं आणखी सुटतं, आणि चक्र फिरत राहतं. शिवाय मांजर मुळातच मांसावर जगणारं. पोटात काही नसलं तरी त्याचं शरीर प्रथिनं जाळणं फारसं कमी करू शकत नाही, म्हणून स्नायूही झिजत जातात. कुत्र्यात हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे मास्तरांचा अनुभव खोटा नव्हता. तो मांजराला लागू पडत नाही, एवढंच. लवकर ओळखलं आणि नळीने नीट अन्न दिलं तर बऱ्याच मांजरी वाचतात. मी तीन दिवस वाट पाहिली. जाड मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. दुसरा दिवस उजाडायची वाट पाहायची नाही.

मास्तर जरा वेळ बोलले नाहीत. मग रास्त प्रश्न त्यांनीच विचारला: "म्हणजे घालतच राहायचं का खायला? मग वजन उतरणार कसं?"

सावकाश. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. मनीच्या बाबतीत 36 ते 72 ग्रॅम. पाच किलोंवर यायला आठ-दहा महिने सहज जातील, वर्षही लागेल. ताईचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं दोन महिन्यांत होईल.

दादा मात्र खुलला होता. रोज व्यायामशाळेत जाणारा माणूस तो. "पळव तिला. दोरी, चेंडू, भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका. घाम गाळल्याशिवाय चरबी जात नसते." इथे माझं आणि त्याचं चांगलंच जुंपलं. मांजर खेळायला हवं, यात वाद नाही. स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात, कंटाळ्याने खाणं कमी होतं. पण सात किलोंची मांजर पळून पळून पळणार किती? तिच्या सांध्यांवर आधीच भार आहे, उंचावरून उड्या मारायला लावल्या तर दुखणं वाढेल. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं, दोरीच्या टोकाला पीस बांधून, जमिनीलगत, एवढं बस झालं. वजन उतरतं ते भांड्यातून. दादाला हे अजूनही पटलेलं नाही. कष्टाला कमी लेखतोस, असं तो मला घरी जाईपर्यंत ऐकवत होता.

भांड्याचा हिशोब ताईने डॉक्टरांकडून लिहून आणला होता. पाच किलोंच्या मांजराची विश्रांतीतली गरज साधारण 234 किलोकॅलरी, वजन उतरवताना त्याच्या 80 टक्के, म्हणजे दिवसाला 187च्या आसपास. साध्या कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये 350 ते 400 किलोकॅलरी असतात. म्हणजे दिवसभरात 50 ग्रॅमच्या आसपास. मूठभर. त्यात 10 ग्रॅम अंदाजाने जास्त पडले तर दिवसाच्या वाट्याचा पाचवा हिस्सा वाढला. म्हणून मापाचा कप नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा हवा. ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, तेवढ्याच कॅलरीत भांडं भरलेलं दिसतं आणि पोटही. मात्र नेहमीचंच खाद्य फार कमी केलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि इतर सत्त्वंही कमी होतात. त्यापेक्षा डॉक्टर वजन उतरवण्यासाठीचं जे खाद्य सांगतात, त्याकडे जावं. तेही एका रात्रीत नाही. जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत, आणि तिने तोंड फिरवलं तर एक पाऊल मागे.

"आणि दूध?" मास्तर. दूध बंद. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, वर कॅलरी फुकटच्या.

ताई इतका वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही सगळे ग्रॅम बोलताय. ती पहिले दहा दिवस पलंगाखालून बाहेर आली नव्हती. भांड्यात दाणे पडल्याचा आवाज झाला तेव्हा पहिल्यांदा माझ्याजवळ आली. तिचं माणूस गेलंय. मीही हात आखडता घेतला तर ती परत पलंगाखाली जाईल."

यावर कोणालाच चटकन उत्तर सुचलं नाही. मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं. नव्या घरात आलेल्या मांजराचं पहिल्याच दिवशी खाणं कापू नये, ते याचसाठी. आधी घर तिचं होऊ द्यावं, तिच्या सवयीचं खाद्य सुरू ठेवावं, साखर आणि थायरॉइडसकट रक्त तपासून घ्यावं आणि मग सुरुवात करावी. ताईने हे सगळं केलं होतं. मी तिला एवढंच सुचवलं की दिवसाचा वाटा सकाळी मोजून बरणीत काढून ठेव आणि दिवसभर त्याच बरणीतून दे. पाच वेळा दे, हाताने भरव, आवाज कर. देणं कमी होत नाही, बरणीबाहेरचं तेवढं थांबतं. आणि ब्रश कर. जाड मांजरांची जीभ कंबरेपर्यंत पोचत नाही, तिथले केस गुंततात. मनीला तिथे ब्रश फिरवणारं माणूस हवंच असणार.

"पहाटे चारला ओरडते," ताई म्हणाली.

वेळ लावून उघडणारं यंत्राचं भांडं घे, मी म्हणालो. म्हणजे ती पहाटे यंत्रापाशी बसेल, तुझ्या उशाशी नाही. वकील खवळला. "म्हणजे माया यंत्राला? ती उशाशी येतेय हेच तर हवंय ना ताईला?" दोघांचंही बरोबर असू शकतं. झोप किती जाते त्यावर ताईनेच ठरवावं.

शेवटी ती उठली. आज सकाळी तिने भांड्यात 100 ग्रॅम मोजून ठेवले होते, सध्या मनी खाते तरी किती हे कळण्यासाठी. आता उरलेलं मोजायचं होतं.

"किती उरलं ते कळव," मास्तर म्हणाले. ती दोन पावलं पुढे गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि काहीच खाल्लं नसेल तर लगेच कळव गं, कितीही वाजले असले तरी."