राजकारणावर गप्प, शेजाऱ्यावर मोकाट

आमच्या ठाण्यात फेसबुकवर राजकारणाचा विषय निघाला की भलीभली माणसं काढता पाय घेतात. "नको रे बाबा, उद्या पोलीस यायचे दारात." भीती अगदीच खोटी नाही. २०१२ साली मुंबई बंदबद्दल लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यातल्या एकीने तर पोस्ट नुसती लाइक केली होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यांच्यावर लावलेलं, आक्षेपार्ह ऑनलाइन लिखाणाला गुन्हा ठरवणारं आयटी कायद्यातलं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरीही २०२२ मध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी ओळी शेअर केल्या म्हणून एका अभिनेत्रीला महिन्याहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला. त्या ओळी मला बिलकूल पटल्या नव्हत्या. पण त्यासाठी तुरुंग? छे!

गंमत अशी, की नेत्यांबद्दल शब्द तोलूनमापून लिहिणारी हीच मंडळी सोसायटीच्या ग्रुपवर सुटतात.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मागे सीसीटीव्हीची क्लिप फिरली. डिलिव्हरीवाला पोरगा एका फ्लॅटबाहेरचं चपलांचं कपाट उघडतोय, चेहऱ्याभोवती लाल गोल, खाली 'चप्पलचोर, सावधान'. बघता बघता शेजारच्या टॉवरमध्येही पोचली. संध्याकाळी त्या फ्लॅटच्या वहिनी ऑफिसातून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मीच त्याला फोनवर सांगितलं, पार्सल कपाटात ठेव म्हणून." टाकणाऱ्याने क्लिप गुपचूप डिलीट केली. सॉरी वगैरे काही नाही. पण डिलीट करून काय होतंय, स्क्रीनशॉट निम्म्या बिल्डिंगकडे होते.

त्या पोराने मनावर घेतलं असतं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड' लिहिलं की हात झटकता येतात हा निव्वळ गैरसमज. पुढे ढकलणाराही अडकू शकतो. "मी खरं तेच लिहिलं" एवढ्यानेही भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मेंटेनन्स थकवणाऱ्याला सोसायटीने रीतसर नोटीस पाठवावी की. ग्रुपवर त्याचा फोटो टाकून वर 'फुकटे' लिहिण्यात कसलं आलंय लोकहित?

ॲडमिन मंडळी मात्र उगाच घाबरतात. दुसऱ्याने काही टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, त्याच्याशी संगनमत असावं लागतं, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. टाकणाऱ्याला तसली काही सूट नाही.

सध्या आमच्याकडे ठरलंय: क्लिप फक्त सेक्रेटरीकडे द्यायची, चोरी झाली असेल तर पोलीस ठाण्यात, ग्रुपवर नाही. दोन काका यावर रुसून ग्रुप सोडून गेले. त्यांनी वेगळा काढलाय म्हणे.