धार्मिक सिनेमा म्हणजे नुसते चमत्कार नव्हेत
धार्मिक सिनेमा म्हणजे चमत्कार आणि ट्रिक सीन, त्यात कला कमीच, असं तुमच्या धार्मिक सिनेमावरच्या लेखात म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. मी सोलापूरचा, पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लहानपणापासून बघत आलोय. त्यात विमान येतं हे खरंय, पण मला आठवते ती जिजाई, पोरगं आजारी पडल्यावर चप्पल घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला जाणारी! १९३७ ला इटलीतल्या व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये या पिक्चरची दखल घेतली गेली ती काय फक्त ट्रिक सीनसाठी?

आणि इटलीचंच बोलायचं तर दिग्दर्शक पासोलिनीचा बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचा सिनेमा (१९६४) जरूर बघा. माणूस नास्तिक, मार्क्सवादी, तरी पिक्चर अर्पण केला पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, म्हाताऱ्या मेरीच्या भूमिकेत पासोलिनीची स्वतःची आई, आणि बाकी दक्षिण इटलीतली साधी रापलेली माणसं, मेकअप नाही झगमगाट नाही, तरी क्रुसाजवळ ती आई कोसळते तेव्हा छातीत कालवतं. रोसेलिनी या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकानं तर सेंट फ्रान्सिस या संतावरच्या पिक्चरमध्ये (१९५०) खरेच मठातले साधू घेतले होते.

‘बायसिकल थीव्ज’ या बेकारीवरच्या इटालियन पिक्चरमध्ये बापाचं काम करणारा माणूस पण खरा कारखान्यातला कामगार होता बरं का. आमच्या गिरणगावातल्या, मिल बंद पडलेली बघितलेल्या माणसाला तो पिक्चर समजावून सांगावा लागत नाही. पुढचा लेख प्लीज या इटालियन मंडळींवर लिहा, वाट बघतोय.