मागच्या रांगेतून मत कसं द्यावं

परवाच्या रविवारी सासूबाईंना घेऊन सिनेमाला गेले. मराठी सिनेमा, त्यामुळे शो सकाळी सव्वादहाचा. का, ते विचारू नका. गोष्ट अगदी साधी. एका कंपनीत काम करणारी दोघं, आधी एकमेकांशी भांडतात, मग भांडायला कारणं शोधतात, आणि पुढे कारणंही शोधावी लागत नाहीत. नाव मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही लगेच मत द्याल.

आणि मत तर द्यायलाच हवं म्हणा. आठवडाभर बघतेय, आमच्या नाशकात सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत या सिनेमाबद्दल मत नाही असा माणूस भेटलेला नाही. सिनेमा पाहिलेला मात्र एखाददुसराच. तरीही काही बिचाऱ्यांना अजून मत नीट देता येत नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द. सगळं ज्ञान मला मागच्या रांगेतल्या एका जाणकार गृहस्थांच्या पायाशी बसून मिळालं आहे. पायाशी म्हणजे अक्षरशः. त्यांचा गुडघा पूर्ण वेळ माझ्या पाठीत होता.

तर सर्वात आधी, सिनेमा पाहू नका. पाहिला की गोंधळ होतो. एखादा प्रसंग आवडून जातो, कुठे हसू फुटतं, आणि मग ठाम बोलता येत नाही. ट्रेलर पुरे. तोही मोठा वाटला तर पोस्टर आहेच. आमच्या गेटबाहेरच्या टपरीवर एक पोरगा पोस्टरवरूनच सांगत होता, “पैसे वसूल नाही भो.” पैसे कोणाचे, ते त्याने सांगितलं नाही.

पाहायचाच झाला तर उशिरा जा. अंधारात मोबाइलची बॅटरी लावून आधी लोकांच्या तोंडावर मारा, मग खुर्च्यांच्या नंबरांवर.

‘दोन स्टार’ म्हणा. दीडही चालेल, पण तीन देऊ नका, लोक भोळसट समजतात.

आता सर्वात गुणकारी वाक्य: “ऑफिसात असं नसतं हो!” हे पाठच करा. नायकाचं टेबल एका टोकाला आणि प्रिंटर नायिकेच्या शेजारी. म्हणून तो सोळा पानांचा रिपोर्ट एकेक पान करून काढतो आणि सोळा वेळा उठून आणायला जातो. तिसऱ्या फेरीला ती मान वर करते, नवव्या फेरीला पान काढून हातात तयार ठेवते. आख्खं थिएटर हसत होतं. मागून आवाज आला, “सगळी पानं एकदम सिलेक्ट करायची ना! असं कुठे असतं?”

अहो, मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, एकोणीस वर्षं. ऑफिसात कसं असतं ते मला ठाऊक आहे. भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट आणि फ्रेमच्या मागे पाल. पंख्याचा रेग्युलेटर गेलेला, त्यामुळे पंखा एक तर बंद नाहीतर पाचवर. पाचवर असला की व्हाउचरांवर स्टेपलर, पाण्याची बाटली, गणपती, हाताला लागेल ते वजन ठेवायचं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, जीएसटीआर-१, आणि २० तारखेला दुसरं, ३बी. त्या दोन दिवशी आमच्याकडे प्रेमात कोणी पडत नाही, पडतं ते फक्त पोर्टल. सिनेमातल्या ऑफिसात काचेच्या भिंती आहेत, कॉफीचं मशीन आहे आणि कोणाच्याच टेबलावर एक फाइल नाही, हे मलाही दिसलं. मीही हसले. पण पडद्यावर एक माणूस दहाव्या मजल्यावरून उडी मारून चालत्या ट्रकवर उभा राहतो, तेव्हा तुम्ही शिट्ट्या मारता. तेव्हा नाही कोणी म्हणत की द्वारकेच्या सर्कलवर असं नसतं. द्वारकेच्या कोंडीत ट्रक चालतच नसतो, उतरायला हवा तेवढा वेळ मिळेल, ते सोडा. पण एक कारकून पाचच्या ठोक्याला उठून कोणासाठी तरी जिना उतरला, की लगेच तुम्हाला वास्तव आठवतं!

शिवाय “ही माणसं काम कधी करतात?” हा प्रश्न. आमच्या डिस्पॅचमधल्या एका गृहस्थांनी तो मला सोमवारी चहाच्या वेळी विचारला. अकराच्या चहाला. मग साडेबाराला पुन्हा विचारला, गेटवर. साडेतीनच्या चहाला त्यांचं याच विषयावर व्याख्यान झालं.

बरं, आपण नाशिककर. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढल्यावर बिऱ्हाड घेऊन आले ते नाशिकला, आणि १९४४ साली गेले तेही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्या पहिल्या सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाला साळुंके नावाचा, हॉटेलात काम करणारा एक तरुण. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम केला आणि सीताही केली. दोघंही एकाच माणसाने! आपल्या पणजोबांनी ते हात जोडून पाहिलं असेल. आणि त्यांचा पणतू पॉपकॉर्नचा तोबरा भरून म्हणतो, “दोघांत केमिस्ट्री नाही.” (त्या पॉपकॉर्नच्या पैशात आम्हा दोघींची मिसळ होऊन वर ताक आलं असतं. पण हा वेगळा विषय.)

नायिकेचं वय मोजा. नायकाचं पोट मोजू नका.

“जुन्याची सर नाही” हेही अधूनमधून म्हणत जा. ‘छोटी सी बात’चं नाव घ्या. तो बुजरा अमोल पालेकर, बसस्टॉपवरची विद्या सिन्हा, खंडाळ्याच्या कर्नलकडे लावलेली प्रेमाची शिकवणी. मलाही जीव की प्राण आहे तो सिनेमा. आमचे जाणकार मध्यंतरात वडापाव खाताना तेच म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, “आताचे सगळे बाहेरून ढापलेले.” मी गप्प बसले. १९७६ चा ‘छोटी सी बात’ १९६० च्या एका ब्रिटिश सिनेमावरून बेतलेला आहे, हे सांगितलं असतं तर वडापाव घशात अडकला असता. बासू चॅटर्जींनी तो आपल्या मातीत असा काही रुजवला की कोणाच्या लक्षातही येत नाही. पण रुजवणं वेगळं आणि ढापणं वेगळं, एवढा विचार करत बसलात तर मत कधी देणार?

यापुढचा सल्ला खास पुरुषांसाठी. सिनेमा पाहून आल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर टाका: “आता प्रेम करायचं तर समितीची परवानगी लागेल.” त्यापुढे हसून लोळणारी तीन तोंडं.

आमच्या ग्रुपवर ते आलं. मी त्या समितीवर आहे. समिती म्हणजे काय तेही सांगते, कारण नोटीस बोर्डावर कागद लावलेला आहे आणि त्यावर लोकांनी टिफिनवाल्याचा नंबर चिकटवलाय. कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेला कायदा २०१३ चा. त्याच्याही आधीचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ही समिती असायलाच हवी, तिच्यात निम्म्या तरी बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा, आणि दर वर्षी अहवाल द्यावा लागतो. त्या अख्ख्या कायद्यात प्रेमाला मनाई कुठेही नाही. मनाई आहे ती नकोशा वागण्याला. एवढा साधा शब्द आहे, नकोसं.

आणि गंमत बघा. या सिनेमातला नायक तिला एकदाच विचारतो. ती नाही म्हणते. तो “बरं” म्हणतो आणि खरंच थांबतो, अर्धा सिनेमा थांबतो. प्रिंटरकडेसुद्धा फिरकत नाही, प्यूनला पाठवतो. मग तिचं तिलाच काय वाटायचं ते वाटतं आणि ती सतरावं पान घेऊन त्याच्या टेबलाशी जाते. मला हे फार आवडलं. बॉस रात्री अकराला तिला फोन करतो, तो प्रसंग मात्र विनोदी म्हणून घातलाय, तो मला मुळीच आवडला नाही. रात्री अकराचे फोन कसे असतात ते आम्ही समितीत ऐकतो. पण हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, भाजी चिरताना. थिएटरात नाही. थिएटरात मागून काय ऐकू आलं? “कसला मेंगळट हीरो! पोरीच्या मागे लागावं लागतं.” शेजारी त्यांची कॉलेजातली मुलगी बसली होती. ती मोबाइलमध्ये बघत होती.

शेवटचा सल्ला. शेवट सांगा.

हे चुकवू नका. थोडं चुकतमाकत का होईना, पण सांगाच. आपण तोच सिनेमा दुसऱ्यांदा पाहतोय, आपल्याला सगळं आधीपासून माहीत आहे, हे शेजारच्या वीस खुर्च्यांना कळायलाच हवं. नाहीतर दुसऱ्यांदा येण्याचा उपयोग काय? त्यासाठी फोन आला तर उचला. “सिनेमात आहे” असं ओरडून सांगा. समोरचा कोणता सिनेमा म्हणून विचारेल, नाव सांगा. कसा आहे म्हणून विचारेल. मग सुरू व्हा...

नाही, हे आता मला गमतीत लिहिता येत नाही. काय झालं तेच सांगते.

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर त्या थिएटरात आल्या त्या परवाच. आठला तयार होऊन बसल्या होत्या, मोतिया रंगाची साडी, पर्समध्ये आल्याच्या वड्या. रिक्षात म्हणाल्या, “सर्कल टॉकीजला जायचो आम्ही.” तेवढंच. सासूबाई सीबीएस बसस्टँडजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या आणि सासरे तिथेच कारकून, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. पण त्यांचं लग्न दाखवून ठरलं, मुलीला पोहे करायला लावले होते, हीच गोष्ट घरात वीस वर्षं सांगितली गेली.

नायिकेने सतरावं पान उचललं आणि सासूबाईंनी अंधारात माझा हात धरला. म्हणाल्या, “हे कार्बन मागायला यायचे.”

मी म्हटलं, “काय, आई?”

“कार्बन पेपर. ह्यांच्या टेबलाच्या खणात अख्खा डबा होता, मला माहीत होतं. तरी रोज एक मागायला यायचे. मी पण द्यायची.” त्या हसत होत्या. पदर तोंडावर धरून, तरुण मुलीसारख्या. १९७४ सालचं सांगत होत्या. “आणि एकदा काय झालं, साहेब समोर उभे आणि ह्यांच्या हातात...”

तेव्हा मागे फोन वाजला.

“हॅलो! हां, सिनेमात आहे. अरे तोच तो, ऑफिसवाला. ठीकच आहे रे, टाइमपास. शेवटी ती राजीनामा देते, आणि तो पण देतो, आणि दोघं मिळून काहीतरी दुकान का काय काढतात. नाही रे, नको येऊस. काही लॉजिक नाही. ऑफिसात असं नसतं.”

सासूबाईंनी हात सोडला. म्हणाल्या, “बघ आता तू सिनेमा.”

अहो साहेब, तुम्हाला कोणी विचारलं होतं? तुमचं मत द्यायला तुम्हाला बाहेरचा अख्खा रविवार होता, अख्खं कॉलेज रोड होतं, घरचा सोफा होता. अडीच तास तोंड मिटून बसायला काय जातं तुमचं? तुम्हाला आवडला नाही, नका आवडू देऊ, कोणाची जबरदस्ती नाही. नावं ठेवा, शिव्या घाला, चांगलं मुद्देसूद बोला, मीही बोलेन तुमच्याशी. पण आधी बघा तरी! आणि शेजारचा बघत असेल तर त्याला बघू द्या! दर दोन मिनिटांनी आपण किती हुशार ते लोकांना ऐकवायला तिकीट काढून येता का तुम्ही? आणि ते “असं कुठे असतं” म्हणून कोणाला सांगता? तुमच्या पुढच्याच खुर्चीत बसली होती ती बाई, जिच्याकडे माणूस रोज कार्बन मागायला यायचा. मी मागे वळून बोलले यातलं काही? नाही. नुसतं “शू” केलं. तर म्हणाले, “मॅडम, आम्हीपण तिकीट काढलंय.”

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, आई, एकदा काय झालं होतं? म्हणाल्या, “काही नाही गं.” मंगळवारी भाजी निवडताना विचारलं. काल संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाल्यावर विचारलं, साहेब समोर उभे आणि बाबांच्या हातात काय होतं? तर म्हणाल्या, “असू दे. कढईखालचा गॅस बारीक कर.”