लाख क्युसेक म्हणजे किती टीएमसी? आधी तास सांगा

'जपून ठेवा, कुठलंही माप कुठल्याही मापात बदला' असा एक तक्ता निपाणी-चिकोडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. सगळाच खोटा नाही. १०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर हे बरोबरच आहे. घोळ पुढे आहे.

'उताऱ्यावरचा आकडा २.४७ने भागा, हेक्टर मिळतील.' भागा की! पण आधी आकडा नीट वाचा. आपल्या कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं. १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, सरळ दीड एकर. मोबाइलवर १.२० मारलं की तेच एक एकर आठ गुंठे होतं आणि बारा गुंठे तिथल्या तिथे गायब. पलीकडे महाराष्ट्रात, कागलच्या सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. शंभर आरांचा हेक्टर, म्हणून तिथलं टिंब खरोखर दशांशाचं. दोन्हीकडे जमीन असलेल्यांनी हे करूनच बघावं: दीड एकराचे हेक्टर ०.६१ होतात, तक्त्याच्या रीतीने ०.४९. वाटणीच्या वेळी बारा गुंठ्यांवरून काय होतं, ते मी सांगायला नको.

'१ लिटर = १ किलो.' पाण्यापुरतं ठीक. शेंगतेल लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल, आणि १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोसुद्धा नाही. भावाची तुलना करताना डब्यावर काय छापलंय ते बघा. धान्य मोजायच्या पायलीचंही तसंच: ती भरून मोजायची, त्यामुळे भाताची पायली आणि तांदळाची पायली काट्यावर सारखी उतरत नाही.

'१ तोळा = ११.६६ ग्रॅम.' जुना तोळा, हो. आज सराफ १० ग्रॅमचाच धरतो.

'१ लाख क्युसेक = ८.६४ टीएमसी.' पावसाळ्यात माणसं घाबरतात ती या ओळीने. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे वाहण्याचा दर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साठा. दराला वेळेने गुणल्याशिवाय साठा निघतच नाही. ८.६४ येतात ते लाख क्युसेक सलग २४ तास वाहिले तर. सहा तासांत धरणाचे दरवाजे खाली घेतले तर २.१६. तक्ता करणाऱ्याने ते २४ तासच गाळले. मग कोयना धरणाचा विसर्ग संध्याकाळी वाढून मध्यरात्री कमी झाला, तरी ग्रुपवर पूर्ण दिवसाचं पाणी येत असतं.

त्याच तक्त्यात नदीच्या पातळीबद्दल 'इतक्या क्युसेकला इतके फूट' असंही आहे. हे तर कुठल्याच गुणकाने जमणार नाही. पात्र किती रुंद, उतार किती, पुढे दूधगंगेचा फुगवटा आहे का, यावर फूट ठरतात. शिवाय प्रत्येक ठिकाणच्या, पातळी मोजायच्या पट्टीचं शून्य वेगळं. कृष्णेवरच्या सांगलीच्या आयर्विन पुलाचे फूट आपल्याकडच्या यडूर-कल्लोळच्या घाटाला लागू होत नाहीत.