"नुसता पिवळा फिल्टर मारलाय" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम, तुमचा रिव्ह्यू वाचला. गिफ्टचं पोर्ट्रेट होतं आणि तुमचा मूड गेला त्याबद्दल मनापासून सॉरी. दोन स्टार बघून खूप वाईट वाटलं, कारण आमचं छोटं काम आहे, नवीन माणूस ऑर्डर द्यायच्या आधी हेच वाचतो.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिलंय की डिजिटल पोर्ट्रेटला जुन्या ऑइल पेंटिंगसारखा अँटिक लुक म्हणून नुसता पिवळा फिल्टर मारलाय, निळा ड्रेस हिरवट करून टाकला आणि "भेगा मागच्या अंधारात भरपूर, चेहऱ्यावर जेमतेम, म्हणजे घाईत उरकलंय". अहो, घाईत उरकलं असतं तर भेगा सगळीकडे सारख्याच आल्या असत्या! भेगांचं रेडीमेड चित्र म्हणजे क्रॅक टेक्स्चर वर टाकायचं, मल्टिप्लाय मोडने खालच्या चित्रात मिसळायचं, झालं. जुन्या ऑइल पेंटिंगमध्ये चेहऱ्याच्या उजळ भागात शिशाचा सफेदा म्हणजे शिसं या धातूपासूनचा पांढरा रंग असायचा, तेलात त्याचा थर चांगला चिवट होतो म्हणून तिथे भेगा बारीक आणि कमी. गडद रंग सावकाश वाळतात, त्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बरेच चित्रकार बिटुमेन म्हणजे डांबरासारखा तपकिरी रंग वापरायचे, तो नीट वाळतच नाही, मग तिथे रुंद तडे जातात. म्हणूनच चेहऱ्यावर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा धरून, तिथल्या भेगांची ओपॅसिटी म्हणजे ठळकपणा कमी केलाय आणि डोळ्यांजवळच्या, ओठांवरच्या भेगा एकेक करून हाताने पुसल्यात. जरा झूम करून गालाची बाजू बघा ना, जिथे सावली सुरू होते तिथूनच भेगा वाढत गेल्यात, ते आपोआप होत नाही.

ड्रेसचंही तेच. चित्रावरचं व्हार्निश म्हणजे वरून दिलेला पारदर्शक थर जुना झाला की पिवळं पडतं, मग त्याखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा लोण्यासारखा होतो आणि काळ्यात तपकिरी झाक येते. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ चं 'नाइट वॉच' हे चित्र व्हार्निश काळवंडल्यामुळेच लोकांना रात्रीचं वाटायचं, १९४० च्या दशकात साफ केलं तेव्हा दिवसाचा उजेड दिसला. एवढा फरक पडतो व्हार्निशने! फिल्टर सगळ्यावर एकसारखा रंग चढवतो, आम्ही उजळ भाग, निळा आणि काळा वेगवेगळ्या लेयरवर म्हणजे थरांवर घेतलेत.

आणि हे लिहायचं नव्हतं पण लिहितो, फायनलच्या आधी आम्ही प्रीव्ह्यू पाठवला होता, त्यात ड्रेसचा रंग हाच होता, भेगाही याच होत्या आणि तुमचा रिप्लाय आला "छान आहे, करा फायनल". तेव्हाच सांगितलं असतंत तर लगेच बदललं असतं, कुणाला आवडत नसताना ते तसंच ठेवायचा आमचा हट्ट कधीच नसतो. घाईत केलं हे मात्र खरंच मनाला लागलं.

असो, यापुढे प्रीव्ह्यूसोबत थोडं समजावूनही सांगू, बाकी काय सुधारता येईल तेही बघतोच आहोत. तुमची लेयरवाली फाइल आमच्याकडे जपून ठेवलीय. ड्रेस परत निळा हवा असेल, चेहऱ्यावर भेगा वाढवायच्या असतील तर एक मेसेज करा, एक्स्ट्रा चार्ज नाही, आणि नवीन फाइल आवडली तर रिव्ह्यूचं तेवढं बघा प्लीज.