स्प्लॅटूनला मार्क कापणारे चुकले नव्हते बे

सात रस्त्यावर चहाला बसलं आणि गेमिंगचा विषय निघाला की आमच्यातला एकजण हमखास सुरू होतो, स्प्लॅटून (निंटेंडोचा शाई उडवून जमीन रंगवायचा शूटिंग गेम) आला तेव्हा रिव्ह्यूवाल्यांनी त्याला नावं ठेवली, पुढं बघा कसा चालला, ह्या लोकांना काय घंटा कळत नाही वगैरे वगैरे. लय वेळा ऐकून घेतलं, आज लिहितोच.

पहिलं म्हणजे कुणी नावं ठेवलीच नव्हती. मे 2015 ला वी यू ह्या निंटेंडोच्या कन्सोलवर गेम आला, मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर, 100 पैकी 81 मिळाले. 81 म्हणजे शिव्या असतात का बे? बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, आयडिया जबरदस्त आहे पण आत माल कमी आहे. आणि माल खरंच कमी होता! लाँचला ऑनलाइनला पाच मॅप, त्यातले पण एका वेळी दोनच चालू, चार तासांनी बदलणार, मोड एकच टर्फ वॉर, म्हणजे जास्त जमीन रंगवेल तो जिंकला, आणि रँक्ड म्हणजे चढाओढीच्या मॅच पहिल्या दिवशी बंद. व्हॉइस चॅट नाही, मित्रांची टीम करून उतरता येत नाही, आणि कहर म्हणजे लॉबीत (मॅच सुरू व्हायची वाट बघतो तिथं) बसल्यावर हत्यार बदलायचं असेल तर बाहेर पडून परत रांगेत. हे सगळं 60 डॉलरला. आता हे रिव्ह्यूत लिहायचं नाही तर कुठं लिहायचं?

गेम भारी होता ह्यात वादच नाही. माझ्या मामेभावाने दुबईहून येताना सेकंडहँड वी यू आणला होता, त्याच्याकडे होटगी रोडला जाऊन खेळलोय. चार विरुद्ध चार, तीन मिनिटं, आणि समोरच्याला मारून पॉइंट नाही मिळत, जमीन रंगवून मिळतो. भिंती रंगवल्या तर त्या मोजत पण नाहीत, फक्त जमीन. आपल्या रंगात स्क्विड होऊन बुडी मारली की सुसाट पळता येतं, लपता येतं, पाठीवरची शाईची टाकी भरते, आणि रंगवलेल्या भिंतीवरून वर पण चढता येतं. म्हणजे गोळी मारणं, रस्ता करणं, लपणं, रीलोड करणं सगळं त्या एका शाईतच. ज्याला नेम धरता येत नाही त्याने पण रोलर घेऊन गुपचूप मागची जागा रंगवत बसायचं, टीमला त्याचा पण उपयोग. माझी बारकी बहीण तशीच खेळायची, कुणाच्या समोर जायची नाही आणि शेवटी आकडे आले की आमच्यापेक्षा तिचे जास्त. हातातल्या गेमपॅडवर, म्हणजे वी यू च्या स्क्रीनवाल्या कंट्रोलरवर, पूर्ण मॅप दिसायचा, कुठं कुठला रंग चढलाय ते बघायचं, दोस्ताच्या चिन्हावर बोट ठेवलं की उडी मारून थेट त्याच्याजवळ. कॉल ऑफ ड्यूटी खेळून खेळून डोकं बधिर झालेल्या माणसाला हे म्हणजे एकदम नवीनच.

पण चटणी कितीही एक नंबर असली तरी ताटात भाकरी किती आहेत हे विचारायचं का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे की रिव्ह्यू त्या दिवशी डब्यात जे आहे त्याचा असतो. पुढं निंटेंडोने फुकट अपडेट देत देत टॉवर कंट्रोल आणला, रेनमेकर आणला, हे दोन नवीन मोड, ऑगस्टमध्ये मित्रांसोबत टीम करायची सोय दिली, मॅप शेवटी 16 झाले. चांगलं केलं. पण हे होणार म्हणून आधीच मार्क द्यायचे का? त्याच वर्षी फेब्रुवारीत इव्हॉल्व्ह आला होता, चार शिकारी आणि एक राक्षस, आयडिया तिथं पण खतरनाक होती, पण गेम यायच्या आधीच चर्चा कशाची तर कुठला राक्षस वेगळ्या पैशाने घ्यावा लागणार. लोक पांगले, 2016 ला फुकट करून बघितला तरी जम बसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा टायटनफॉल घ्या, भिंतीवरून पळणं काय, आभाळातून रोबो पडणं काय, पण एकट्याने खेळायला कॅम्पेन म्हणजे गोष्टीवाला भाग नाही ही बोंब तेव्हा पण होतीच. टायटनफॉल 2 मध्ये त्यांनी कॅम्पेन दिलं, आणि आज लोक त्या कॅम्पेनचंच कौतुक करतात.

हां, एक मान्य. काही रिव्ह्यू नुसते मॅप मोजत बसले होते, ते मला पण पटलं नाही. ह्या गेममध्ये तोच मॅप दर मॅचला वेगळा लागतो, कारण मघाशी जो रस्ता तुमचा होता तो आता समोरच्याच्या रंगात असतो आणि त्यात पाय घातला की चालणं पण मुश्किल. म्हणून पाच मॅप पाचापेक्षा जरा जास्तच वाटायचे. तरी पाचच ते.

विक्री बघा की, असले रिव्ह्यू येऊन सुद्धा 49 लाखांच्या आसपास खपला, आणि कन्सोल विकलेला साधारण 1 कोटी 35 लाख. कुणाचं काय नुकसान झालं? एप्रिल 2024 ला वी यू चे ऑनलाइन सर्व्हर बंद झाले, आता ती डिस्क टाकली तर एकट्याचं छोटं कॅम्पेन आणि दोघांनी घरात फुगे फोडायचा मोड, बास.

आणि रिव्ह्यूवाल्यांना कळत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं बघा, पहिल्या भागाला लाँचला 5 मॅप, 2017 ला दुसऱ्याला 8, 2022 ला तिसऱ्याला 12. निंटेंडोने गपगुमान ऐकून घेतलं, तुम्ही कशाला भांडायलाय बे.